जुनं लुगडं, बारदाना आणि सुईदोरा: शांततेचं कापड घरी कसं शिवायचं

आधी काय बनवायचं ते सांगते म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दीड फूट रुंद आणि तीन फूट लांब असं एक कापड, मागं बारदाना, पुढं जुन्या लुगड्या-धोतराचे तुकडे, गोधडीला घालतो तोच धावदोरा, आणि त्या तुकड्यांतूनच झालेलं चित्र. चित्र कशाचं, तं लढाई झाली की सगळ्यात आधी जे जातं त्याचं. कबुतर नको, पृथ्वीचा गोळा नको, हातात हात घेतलेली चार रंगाची माणसं नको, ते सगळं शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असते आणि कोणी थांबून पाहत नाही. आजीच्या लुगड्याचा काठ दिसला तं माणूस थांबते.

कोणी म्हणेल युक्रेन कुठं, गाझा कुठं, सुदान कुठं, आणि आपण यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात बसून काय शिवून रायलो. मला वाटते आपणच शिवायला पाहिजे, कारण आपल्या कापसाचा आणि लढाईचा संबंध फार जुना आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मग सगळ्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली, आणि तिकडची लढाई संपली तसे भाव खाली आले, कर्ज मात्र इथंच राहिलं. दुसरी गोष्ट अजून वाईट, सरकीला जी बारीक तुसं चिकटून असतात ना, ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये घातली की त्याचं गनकॉटन होते, बंदुकीच्या आणि तोफेच्या दारूत तेच लागते. म्हणजे ज्या बोंडातून बाळाचं लंगोट निघते त्याच बोंडातून गोळा पण निघते. आणि पुलगावचा लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो तं घरापाशीच आहे, ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथं दारूगोळ्याला आग लागली तेव्हा आग विझवणारे लोक आणि जवान जिवानिशी गेले, आजूबाजूच्या गावच्या लोकांना अंधारात घरं सोडून निघावं लागलं. लढाई नसताना हे. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपल्याकडची पोरं अडकली होती, त्यांच्या मायांनी त्या दिवसांत मोबाईल खाली ठेवला नाही. आणि गडचिरोलीतल्या गावांनी दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधात किती वर्षं काढली ते आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही.

म्हणून शिवायचं.

कापड कुठून आणायचं

नवीन कापड आणू नका. कटपीसच्या दुकानातून भारी रंग मिळतात पण त्या कापडाला कोणाचं अंग लागलेलं नसते. घरातली पेटी उघडा, जुनं सुती लुगडं, आबाजीचं धोतर, पोराचा शाळेचा शर्ट, लग्नातला आहेराचा ब्लाऊजपीस जो कोणीच कधी शिवला नाही. चिली देशात ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं सत्ता घेतली, हजारो लोक उचलून नेले, त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. त्यांच्या बायका-बहिणी-मायांनी चर्चच्या आसऱ्यानं एकत्र बसून पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवायला घेतली, अर्पियेरा म्हणतात त्याला. मागं डोंगर, वर सूर्य, आणि खाली पोलिसांची गाडी, बंद पडलेला कारखाना, भुकेल्या पोरांसाठी मांडलेली सार्वजनिक चूल. कधी कधी हरवलेल्या माणसाचेच कपडे कापून त्याची बाहुली केलेली असायची. आपलं हे जे कापड आहे त्याची रीत मी तिथूनच घेतली, टाका मात्र आपला.

बारदाना ज्यूटचाच पाहिजे. खताची आणि सरकी ढेपेची पोती आता प्लॅस्टिकची येतात, ती चालत नाहीत. रेशनच्या गहू-तांदळाचं पोतं किंवा अडत्याकडं तुरीचं जुनं पोतं मिळते, ते घ्या. फवारणीचं औषध ज्या पोत्यात ठेवलं असेल ते फुकट मिळालं तरी नको, कितीही धुतलं तरी नको, कारण हे कापड पोट्टे हातात घेणार, नाकाजवळ नेणार. पोतं उसवून आधी बाहेर जोरात झटका, मग रात्रभर थंड पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी साबण न चोळता खळबळून कडक उन्हात वाळवा. गरम पाण्यात टाकलं तं आकसते आणि वाकडं होते.

लुगडं-धोतराच्या तुकड्यांचा रंग जाते की नाही ते आधीच पाहायचं. पांढरी चिंधी ओली करायची आणि तुकड्यावर जोरात घासायची. लाल आणि गडद निळा हमखास उतरते. उतरत असला तं दोन-चार पाणी काढा, तरी उतरतच असला तं तो तुकडा पांढऱ्याच्या शेजारी लावू नका, एवढंच.

मापाबद्दल एक. दीड बाय तीन फूट हे माप मनानं ठरवलेलं नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या जस्टीन मेरिट म्हणून एक बाई होत्या, त्या हिरोशिमा पाहून आल्या आणि त्यांनी लोकांना एक प्रश्न विचारला की अणुयुद्धात कोणती गोष्ट कायमची गेली तर तुम्हाला सहन होणार नाही, ती कापडावर काढा. १८ इंच बाय ३६ इंच हे माप दिलं होतं. ४ ऑगस्ट १९८५ ला, हिरोशिमाला ४० वर्षं व्हायच्या दोन दिवस आधी, अशी वीस हजाराहून जास्त कापडं टोकाला टोक बांधून लोकांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या इमारतीभोवती, त्या पेंटॅगॉनभोवती, धरली. एकाच मापाचं असलं की असं बांधता येते. तुमच्या गावात पाच झाले, शेजारच्या गावात चार झाले, की नऊ एका दोरीत. म्हणून माप बदलू नका.

काय शिवायचं ते ठरवणं

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि इथं घाई करू नका. चार-पाच जणी बसा, बचत गटाची मीटिंग झाल्यावर बसल्या तरी चालते, आणि मेरिटबाईंचाच प्रश्न फिरवा. पहिलं उत्तर बहुतेक "माझे लेकरं" असं येते, ते खरंच आहे पण त्यातून चित्र होत नाही. मग पुढं विचारायचं, लेकरं काय करताना? तेव्हा बरोबर निघते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारोदार जाताना. शाळा सुटल्यावर हापशीला तोंड लावून पाणी पिताना. वेचणीच्या वेळी कापसाच्या ढिगावर उड्या मारून शिव्या खाताना. बंडीत मागं पाय सोडून बसलेली. हे शिवा. संध्याकाळी कोठ्यात परत येणारी जनावरं शिवा, भाकर थापणारा हात शिवा, रात्री दाराची कडी न लावता अंगणात बाजेवर झोपलेलं घर शिवा, कारण ज्या गावात लढाई असते तिथं अंगणात कोणी झोपत नाही.

एस्थर निसेन्थाल क्रिनित्झ यांचं सांगते, पोलंडमधल्या ज्यू होत्या, १९४२ मध्ये त्या आणि त्यांची बहीण एवढ्याच वाचल्या, घरचे बाकी सगळे नाझींनी मारले. पुढं अमेरिकेत कपडे शिवून संसार केला, आणि पन्नास वर्षांच्या झाल्यावर १९७७ मध्ये सुई घेऊन आपली गोष्ट कापडावर काढायला बसल्या, एकूण ३६ चित्रं झाली. चित्रकला कुठं शिकल्या नव्हत्या. आणि सुरुवात कशानं केली तं स्वतःच्या गावच्या घरानं. शिपाई, बंदुका नंतरच्या चित्रांत आल्या. माझा पण हाच आग्रह आहे, पहिलं कापड घराचं करा.

बंदूक, विमान, रणगाडा दाखवायचाच नाही का? दाखवा, पण त्याला जागा किती द्यायची ते आपण ठरवायचं. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत रशियाची फौज अफगाणिस्तानात शिरली, त्यानंतर तिथल्या गालिच्यांत फुलांच्या जागी हेलिकॉप्टर, रणगाडे, कलाश्निकोव्ह बंदुका विणलेल्या दिसायला लागले, लांबून पाहिलं तं नेहमीची नक्षी, जवळ गेलं की अंगावर काटा. लाओसमधून मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आलेल्या मोंग लोकांनी कापडावर सगळी पळापळच भरली, वर गाव, मधात जंगल, खाली नदी आणि त्यात पोहणारी माणसं, वरून खाली वाचत यायचं. तुमच्याकडं सांगायला अशी गोष्ट असेल तं ही रीत चांगली, एका कापडात तीन पट्टे करायचे आणि वाट काढत न्यायचं. पण टीव्हीवर पाहिलेली बॉम्बफेक शिवू नका. ज्यांच्यावर पडली त्यांचं ते आहे, आपण आपलं शिवावं आणि त्यांच्यासाठी शिवावं.

गावात कोणीतरी विचारीलच की हे सैन्याच्या विरोधात आहे काय. मी तं सरळ सांगते की नाही बाप्पा, ज्या घरचा पोरगा बॉर्डरवर आहे त्या घरच्या माउलीला आधी बोलवा. तिच्याइतकी शांतता दुसरं कोणी मागत नाही, आणि तिचा तुकडा मधात लावा.

चित्र कागदावर मोठं काढून घ्या, वर्तमानपत्र चालते. आकार जाडे ठेवा, बोटापेक्षा बारीक काही काढू नका, शिवताना ते गायब होते. लांबी-रुंदीचा हिशोब बरोबर नसला तरी चालते, ज्याला महत्त्व आहे ते मोठं, घरापेक्षा आजी मोठी झाली तं होऊ द्या.

शिवण

बारदाना दोन बाय साडेतीन फूट कापा, कडा सुटतात म्हणून लगेच कच्चे टाके घालून घ्या. त्याच्यावर जुन्या धोतराचा एक पूर्ण थर पसरा, नुसत्या बारदान्यावर बारीक सुईचा टाका धरत नाही, जाळीतून निसटते. सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर पसरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, मधून बाहेरच्या बाजूला हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हे टाके शेवटी उसवायचे आहेत म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा घ्या.

मग मागचं आधी, पुढचं नंतर. आभाळ, मग वावर, मग झाड-घर, शेवटी माणसं. प्रत्येक तुकडा आकारापेक्षा पाव इंच मोठा कापायचा, ती पाव इंच कड आत दुमडून बोटानं दाबायची आणि बारीक तुरपाई करत जायचं. गोल आकाराला दुमडताना फुगते, तिथं कडेला छोट्या छोट्या कातरा मारा, बसते. खुणा करायला पेन्सिल नको, आंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी घ्या, झटकली की जाते.

लुगड्याचा काठ फुकट घालवू नका. काठाचा रस्ता होते, नदी होते, वावराचा बांध होते, घराची चौकट होते. पदरावरची बुट्टी आभाळात लावली तं चांदण्या. पऱ्हाटीसाठी हिरव्या कापडावर खऱ्या कापसाचे बारीक पुंजके मधातून एकेक टाका घालून बसवा, देठाच्या टाक्यानं काडी काढा.

माणसं उठावाची पाहिजे. जुन्या बनियनचं कापड ताणते, त्यात चिमूटभर कापूस भरून डोकं करा, बोराएवढं. अंगाला कापूस भरलेली बोटभर गुंडाळी, हातपाय दोऱ्याचे किंवा दुमडलेल्या चिंधीचे. वरून नेसवायचं ते त्याच माणसाच्या कपड्यातलं असलं तं फारच चांगलं. नाक-डोळे भरायच्या नादी लागू नका, दोन टाक्यांचे डोळे पुरे. बाहुली मागून चार ठिकाणी पक्की टाचा, नाहीतर लटकते.

सगळं बसलं की धावदोरा. दोरा हात-दीड हातच घ्या, लांब घेतला की गुंता होते. गोधडीला जसं कडेपासून सुरू करून फेर घेत घेत मधात येतो तसंच करा, ओळीत बोटभर अंतर ठेवा, फक्त माणसं आणि झाडं सोडून त्यांच्या भोवतीनं वळसा घ्या. टाका सारखा पाहिजे असं काही नाही. चार जणींचे चार हात असतात आणि ते दिसले पाहिजे, शेवटी एका जणीनं सगळं "नीट" करायला बसू नये, असं मला फार वाटते.

हे काम उन्हाळ्यात काढा. हरभरा-गहू निघालेला असते, पेरणीला वेळ असते, दुपारी तसंही बाहेर निघवत नाही. जूनमध्ये पाणी पडलं की अर्धं राहिलेलं कापड दिवाळीपर्यंत तसंच पडते आणि बारदान्याला बुरशी येते.

रंग

घरच्या चिंध्यांत दोन रंग सहसा मिळत नाहीत, धुराचा काळा आणि पहाटेचा केशरी. केशरीसाठी होळीच्या सुमारास पळसाची फुलं वेचा, सावलीत वाळवा. सुती कापड तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि मग फुलं उकळून गाळलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवा. पिवळ्या-केशरीच्या मधला रंग येते, उन्हानं हळूहळू फिका होते हे लक्षात ठेवून कापड कुठं टांगायचं ते ठरवा. काळ्यासाठी मडक्यात गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी घालून वरून फडकं बांधून पंधरा-वीस दिवस ठेवा, घट्ट झाकण लावू नका, आत वायू होते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग या लोखंडाच्या पाण्यात टाकलं की डोळ्यांदेखत काळं पडते. वास येते, म्हणून घराबाहेर करा आणि लेकरांना दूर ठेवा. बिब्ब्याचा काळा रंग पक्का असते पण तो करू नका, कातडीला उततो. वर्ध्याला मगन संग्रहालयात, १९३८ पासूनचं आहे ते, खादी आणि नैसर्गिक रंगाचं काम चालते, जाणं झालं तं पाहून या, हात लावून पाहिलेल्या कापडावरून जास्त समजते.

अक्षरं आणि मागची चिठ्ठी

घोषणा लिहू नका. लिहायचंच असेल तं आपल्या बोलण्यातलं एक वाक्य, जसं "सांजच्याला सगळे घरी या". अक्षर इंचभर तरी उंच ठेवा, साखळी टाका घाला, आधी अक्षरं भरा आणि शिरोरेघ शेवटी एका लांब ओळीत ओढा, म्हणजे ती सरळ येते.

मागच्या बाजूला एक छोटा खिसा शिवायचा. चिलीच्या बायका अशा खिशात कागद ठेवायच्या, चित्रात काय आहे ते सांगणारा. आपण पण ठेवायचा, चार-पाच ओळींचा, कोणत्या भागातलं कापड, काय दाखवलं, कोणाच्या लुगड्याचं आहे. छोटंच लिहा. २३ जुलै १९३९ ला आपल्या वर्ध्याच्या पत्त्यावरून गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिलं होतं, लढाई थांबवू शकणारे तुम्हीच एक आहात असं, ते पण अगदी थोडक्या ओळींचं होतं. ब्रिटिश सरकारनं ते पोचू दिलं नाही, पण आज ते वाचायला मिनिट लागत नाही म्हणून कोणीही वाचते.

आता नावाचं. जिथं खरंच बंदुकीची भीती आहे तिथल्या बाईनं शिवलं असेल तं चिठ्ठीत नाव, गाव, घराची खूण काही टाकू नका आणि फोटो मोबाईलवर फिरवू नका. चिलीत पण कित्येक कापडांवर नाव नसायचं, पकडलं गेलं तं जीवावर बेतलं असतं. कापड बोलू द्या, बाई सुरक्षित राहिली पाहिजे. आणि कापडाला कोणी घाबरत नाही असं समजू नका. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत पिकासोच्या गेर्निका चित्राचं मोठं विणलेलं कापड टांगलेलं होतं, २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर झालेल्या बॉम्बफेकीचं. २००३ च्या फेब्रुवारीत इराकवरच्या युद्धाची बोलणी चालू असताना ते निळ्या पडद्यानं झाकलं होतं.

टांगणं आणि सांभाळणं

कच्चे टाके उसवा, चारी बाजूंनी बारदाना पुढं दुमडून काजटाक्यानं बंद करा, इथं जाड लोकरीचा दोरा छान दिसते. वरच्या बाजूला मागून दोन इंचाचा नेफा शिवा आणि त्यात बांबूची कामटी घाला. पऱ्हाटीची काडी नको, तिच्यात किडे राहतात. चारी कोपऱ्यांना वीतभर नाड्या लावा, दुसऱ्या कापडाला बांधायला.

समाजमंदिर, ग्रामपंचायतीची ओसरी, अंगणवाडी, कुठंही टांगा, फक्त थेट ऊन आणि पावसाचा सपका नको. लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा, हात लावू द्या. धुवायचं मात्र नाही, भरलेला कापूस गोळा होते. महिन्यातून एकदा उलटं करून झटकायचं. पावसाळ्यात उतरवून कडूनिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळून ठेवा, घडी नको, आणि पेटीतच ठेवा कारण बारदान्याला धान्याचा वास राहते आणि उंदीर येते.

कोणी विकत मागितलं तं लाजू नका. चिलीच्या बायकांची कापडं चर्चमार्फत परदेशात विकली जायची आणि त्यावर त्यांची घरं चालली. दोरा, कापड आणि सगळ्या जणींची दुपारची मजुरी धरून किंमत सांगा, वेचणीला जी रोजी मिळते त्याच्यापेक्षा कमी धरू नका, पैसे गटाच्या खात्यात घ्या आणि खिशातली चिठ्ठी कापडासोबतच द्या.